चालकाशी बोलू नये

आमच्या घरात सहलीची तालीम होते. इतरांकडे सहल ठरली की माणसं बॅगा भरतात, भांडतात आणि निघतात. आमच्याकडे या सगळ्याच्या आधी तालीम असते आणि तिला दांडी मारायची कुणाची टाप नाही. बाबांनी उभं आयुष्य शहरातली बस चालवण्यात घालवलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी रिकामी गाडी एकदा फिरवून पाहिल्याशिवाय तिच्यात माणसं बसवायची नाहीत, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. त्यामुळे कुठेही जायचं ठरलं की रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या हॉलमध्ये येतात, दोन-दोनच्या रांगा लागतात, आणि आम्ही सगळे त्यांत बसून कुठेही न जाता जाऊन येतो.

सगळ्यांत पुढे बाबांची खुर्ची. त्यांच्या हातात मोठ्या पातेल्याचं झाकण, ते स्टिअरिंग. शेजारच्या खुर्चीवर पाण्याचा कॅन, तोही खराखुरा, काठोकाठ भरलेला. चालकाशेजारी माणूस बसला की चालकाचं लक्ष उडतं, असं बाबांचं ठाम मत, म्हणून ती जागा पाण्याची. बाबांच्या बरोब्बर मागे आई आणि तिच्या शेजारी पांघरुणांचा ढीग. त्यामागे दादा आणि वहिनी. वहिनीला गाडी लागते म्हणून ती खिडकीशी, आणि खिडकी म्हणजे कपड्यांचं कपाट. शेवटच्या रांगेत मी आणि दादाची मुलगी. तिला आम्ही टिटवी म्हणतो. का म्हणतो ते तिच्याजवळ थोडा वेळ बसलं की आपोआप कळतं. टिटवी कंडक्टर असते आणि तिच्या हातात सायकलची घंटी असते.

शिवाय एक नियम. बाबांच्या बसमध्ये त्यांच्या डोक्याच्या वर पाटी होती, ‘गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.’ नोकरी संपली, पाटी बसमध्येच राहिली, पण नियम बाबांबरोबर घरी आला. गाडी खरी असो की खुर्च्यांची, ती चालू आहे तोवर बाबांशी कुणी बोलायचं नाही आणि बाबाही तोंडातून अक्षर काढणार नाहीत. आमच्या आईला बोलण्याची कोण हौस! राँग नंबर लागला तर त्या माणसाच्या घरच्यांची खुशाली विचारून मगच फोन ठेवते. पण प्रवासात ती बाबांच्या मागे ओठ घट्ट मिटून बसते, आणि थांबा आला रे आला की साठवलेलं सगळं एका दमात बाहेर काढते. तोवर निम्मं विसरून गेलेली असते.

यंदाची सहल साधीसुधी नव्हती. हिवाळ्यात डोंगरावर जायचं होतं, बर्फात. बाबा नोकरीत असताना आम्ही हिवाळ्यात कधी कुठे गेलो नाही, कारण थंडी पडली की निम्मे चालक सर्दीतापाने घरी बसायचे आणि त्यांच्या पाळ्या बाबांच्या गळ्यात पडायच्या. बाबांना नाही म्हणता येत नाही. घरातलं ‘नाही’ सगळं माझ्या वाट्याला आलंय. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. दिवसभर लोकांना गोड आवाजात ‘नाही’ म्हणायचं, हीच माझी नोकरी. गोडवा तिथेच संपतो, त्यामुळे घरी मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे.

दादाने डोंगरावरचं एक छोटंसं हॉटेल शोधून काढलं. लाकडी खोल्या, खोलीत शेकोटी, खिडकीबाहेर थेट बर्फ. फोटो बघून वहिनीने टाळ्या पिटल्या. टिटवीने बर्फाचा माणूस करायचा की बर्फाचा कुत्रा, यावरून स्वतःशीच भांडण काढलं. बाबांनी फोटो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, “रस्त्याचा फोटो कुठाय?”

पहिली तालीम लगेचच्या रविवारी झाली. सगळ्यांनी कोट, टोप्या, हातमोजे घालून बसायचं, असा बाबांचा हुकूम निघाला. “जाड कोट घातल्यावर माणूस किती रुंद होतो ते आधी कळायला नको? तिथे जाऊन दारात अडकाल.” म्हणणं चुकीचं नव्हतं. दादा आणि वहिनी कोट घालून शेजारी बसले तेव्हा दादाची अर्धी मांडी हवेत राहिली. खिडक्या बंद, कारण तिथे थंडी असणार. हॉलमध्ये आम्ही सगळे घामाने निथळत बर्फात चाललो होतो. टिटवीने घंटी दिली. बाबांनी झाकण वळवलं, डोळे समोरच्या भिंतीवर लावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मी हसू दाबलं.

तालीम संपली आणि आईने मला स्वयंपाकघरात खेचलं. दार लोटून घेतलं. अंगात कोट तसाच होता.

“तू त्यांना त्या खुर्चीवरून उठव,” ती म्हणाली.

“कुठल्या खुर्चीवरून?”

“ड्रायव्हरच्या.”

“का गं? तुलाही बर्फाची भीती वाटायला लागली का? दादा कालच माझ्या कानाशी लागला होता. म्हणे बाबांनी सपाट रस्त्यावर बस चालवलीये, बर्फाच्या रस्त्याला वेगळा हात लागतो. आणि वर म्हणे, तूच सांग, तुझं कामच आहे ते.”

“बर्फाचं मला काही कळत नाही. ते चालवतील, व्यवस्थित चालवतील.” आईने एक बटाटा उचलला आणि सोलायला घेतला. आमच्याकडे महत्त्वाचं बोलायचं असलं की आई बटाट्याकडे बघून बोलते. “मला त्यांच्या शेजारी बसून जायचंय.”

मला आधी नीट कळलंच नाही.

“लग्न झाल्यापासून जिथे म्हणून गेलो तिथे मी मागे आणि ते पुढे. यांच्या बसमधून जायचे तेव्हा मागे. भाड्याची गाडी घेतली तरी मागे. पाण्याच्या कॅनला शेजारी बसायचा मान आहे, मला नाही. अगं, इतके रस्ते पाहिले, पण मला आठवते ती यांची मान. कॉलरच्या वरचा तो तीळ मला पाठ झालाय. काही छान दिसलं की वाटतं, अहो, ते बघा म्हणावं. पण म्हणायचं कुणाला? मानेला?”

“मग हे त्यांना सांग ना!”

“वेडी का खुळी तू? या वयात मी त्यांना सांगू, की मला तुमच्या शेजारी बसू द्या? म्हातारपणी लाडात आली म्हणतील. आणि मी बोलले हे त्यांना कळता कामा नये, सांगून ठेवते. दादाचंही सांगू नकोस. त्यांना वाटेल आपल्यावर कुणाचा भरवसा राहिला नाही. जिवाला लावून घेतील.”

म्हणजे बाबांना खुर्चीवरून उठवायचं, पण का उठवतोय ते एकाचंही सांगायचं नाही. माझ्या ऑफिसात इतकी अवघड तक्रार आजवर आलेली नाही. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी आईच्या हातातला बटाटा काढून घेतला आणि म्हणाले, “आधी तो कोट काढ, उकडून जाशील.”

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. सुरुवात गुडघ्यांपासून केली. “बाबा, इतका वेळ एका जागी बसून तुमचे गुडघे धरतील हं.” त्या दिवसापासून बाबांनी लिफ्ट सोडली. सकाळ-संध्याकाळ जिना चढू-उतरू लागले, आणि वर आले की माझ्या दारात उभं राहून दोन उठाबशा काढून दाखवायचे. मग मी दुसरी बाजू धरली. “तुम्ही कधी आराम करणार? एकदा मागे टेकून बसा ना मस्त, दुसरा कुणीतरी चालवेल.” त्यावर त्यांनी आईला विचारलं, “हिचं ऑफिसात काही बिनसलंय का? मला आराम करायला सांगते.”

शेवटी मी दादाचा मुद्दा थोडी साखर लावून पुढे केला. म्हटलं, “डोंगराचा चढ वेगळा असतो, बाबा. तुमची सगळी चाकरी सपाट रस्त्यावर झाली.”

बाबा थबकले. विचारात पडले. मला वाटलं, लागली मात्रा. दोन दिवसांनी ते मला म्हणाले, “चल, तुला डोंगर दाखवतो,” आणि दादाची गाडी काढून मला घेऊन निघाले. मी मुकाट मागे बसले, पुढे कॅन होता. गाडी गेली ती थेट मोठ्या बाजाराच्या इमारतीत, पार्किंगच्या मजल्यांवर. तिथे एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला गोल गोल चढाचा रॅम्प आहे. बाबांनी पहिला गिअर टाकला आणि आम्ही चढू लागलो. वरपर्यंत गेलो. मग उतरलो. मग पुन्हा चढलो. प्रत्येक वळणावर बाबा हॉर्न देत होते आणि भिंतीला खेटून गाडी नेत होते, जणू पलीकडे दरी आहे.

वॉचमन बिचारा भला माणूस. त्याला वाटलं आजोबांना जागा मिळत नाहीये. तो आमच्यामागे धावत वर आला, एक रिकामी जागा हात करून दाखवली. बाबांनी त्याला सलाम ठोकला आणि पुढे गेले. पुढच्या फेरीला त्याने दुसरी, जास्त ऐसपैस जागा दाखवली. तिसऱ्या फेरीला तो कंबरेवर हात ठेवून नुसताच उभा राहिला. मी काचेआडून हात जोडले. मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं होतं की आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा, पण गाडी चालू होती, आणि चालू गाडीत बोलायची मलाही लहानपणापासून चोरी.

शेवटी बाबांनी गाडी गच्चीवर नेऊन उभी केली. आम्ही खाली उतरलो. उन्हात बरं वाटत होतं. शहराच्या घरांपलीकडे, अगदी कडेला, धुरकट निळी रेघ दिसत होती.

“तो बघ,” बाबांनी हात लांब करून दाखवलं. “तिथे जायचंय आपल्याला. मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण लोकांना त्यांच्या त्यांच्या कामावर सोडलं. कुणी ऑफिसला, कुणी शाळेत, कुणी दवाखान्यात. त्या बसमधून मी स्वतः कुठेच गेलो नाही गं. त्याच थांब्यावरून निघायचो आणि त्याच थांब्यावर यायचो. तुझ्या आईला एकदा वर न्यायचंय. मी स्वतः. त्यासाठी मला रस्त्यावर लोळायला सांगितलं तरी लोळेन.”

मी नुसतं म्हटलं, “छान चालवता तुम्ही,” आणि ते खरंच होतं.

घरी आल्यावर मी आईवर डाफरले. “मला जमणार नाही. त्यांना तुला न्यायचंय आणि तुला त्यांच्याबरोबर जायचंय. मग अडलंय कुठे? तुम्ही दोघं एकमेकांशी बोला आणि मला सोडा.” आई म्हणाली, “हळू बोल, ऐकतील.” आणि बटाट्यांची टोपली पुढे ओढली. मी टोपली उचलून फळीवर ठेवून दिली.

इकडे दादाला धीर धरवेना. त्याने परस्पर हॉटेलवाल्याशी बोलून टाकलं. हॉटेलची स्वतःची गाडी होती आणि हॉटेलमालकाची मुलगीच ती चालवायची. बर्फ असो, धुकं असो, दर आठवड्याला ती खाली शहरात येऊन भाजीपाला, गॅसच्या टाक्या, काय काय घेऊन वर जायची. येत्या रविवारी ती शहरात असणार होती. दादाने तिला घरी बोलावलं, आणि बाबांना सांगितलं की हॉटेलकडून कुणीतरी रस्त्याची माहिती द्यायला येतंय. तिला काय सांगितलं ते त्याने आम्हालाही सांगितलं नाही.

ती आली तेव्हा तालीम ऐन रंगात होती. आम्ही कोट-टोप्यांत बसलेले, वहिनी कपाटाला टेकून खोल श्वास घेतेय, कारण तिला आता तालमीतही गाडी लागायला लागली होती. टिटवीने दार उघडलं. दारात एक सावळी, ठसठशीत मुलगी उभी. पायात जाडजूड बूट, गळ्यात मफलर, तोंडभर हसू. खुर्च्यांच्या रांगा, झाकण धरलेले बाबा, घामाघूम झालेले आम्ही, हे सगळं तिने एका नजरेत पाहिलं. दुसरी कुणी असती तर चुकून वेड्यांच्या घरात आलो म्हणून परत फिरली असती.

“बरोबर ठिकाणी आले ना?” ती म्हणाली. “मी हॉटेलची. तुम्हा सगळ्यांना वर मीच नेणार आहे. काका, तुमच्या मुलाने सांगितलं की तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही फार खूश झालात.”

दादाने टोपी डोळ्यांवर ओढली. बाबांनी झाकण मांडीवर ठेवलं. ते चिडले असते तर परवडलं असतं. ते फक्त दादाकडे वळून एवढंच म्हणाले, “असं होय?”

“बाबा, ते बर्फ...” दादा चाचरला.

“कळलं.” बाबा उठून उभे राहिले. पाठ ताठ केली. बस डेपोत नवीन पोरांची परीक्षा घ्यायचे तेव्हा ते असेच उभे राहत असणार. “माझी माणसं मी अशी कुणाच्याही गाडीत बसवत नाही. आधी चालवून दाखवायचं.” आणि त्यांनी त्या मुलीपुढे झाकण धरलं. त्या झाकणाला आजवर त्यांनी कुणालाच हात लावू दिला नव्हता. मलाही नाही.

ती मुलगी बहाद्दर खरी. तिने मफलर काढून कॅनवर टाकला, खुर्चीत बसली, खुर्ची जराशी पुढे ओढली, हात वर नेऊन नसलेला आरसा नीट केला. बाबांनी हे बघितलं. त्यांना तिच्या हातापायांवर नजर ठेवायची होती आणि बसायला जागा हवी होती. रिकामी खुर्ची एकच, आईशेजारची, पांघरुणांची. आईने ज्या चपळाईने तो ढीग उचलून माझ्या अंगावर फेकला, ती चपळाई मी तिच्यात पूर्वी कधी पाहिली नव्हती.

बाबा बसले. टिटवीने घंटी दिली. गाडी सुटली.

“चढ लागला,” बाबा म्हणाले. “डावीकडे वळण. पलीकडचं दिसत नाही.”

मुलीने हाताने गिअर बदलला, तोंडाने हॉर्न दिला, झाकण सावकाश वळवलं.

“समोरून ट्रक.”

“ट्रक उतरतोय म्हणजे त्याने थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट.”

“आणि तो नाही थांबला तर?”

“तर मी थांबेन की, काका. आपलंच बरोबर म्हणत दरीत जाण्यात काय मजा आहे?”

वहिनी फिस्सकन हसली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते गिळलं. मग त्यांनी तिच्या वाटेत धुकं आणलं, मेंढ्यांचा कळप आणला, निसरडा बर्फ आणला, घाईतला मोटारसायकलवाला आणला. तिने कुणाला धक्का लागू दिला नाही. प्रत्येक संकटाला बाबांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता, आणि मागून मला दिसत होतं की तो आणि तिचा पाय एकाच वेळी दाबला जातोय. हळूहळू बाबांची संकटं संपत आली.

“आता पुढच्या गावापर्यंत रस्ता सरळ आहे,” ती म्हणाली. “एका बाजूला देवदार आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी. सकाळी निघालो तर नदीवर ऊन असतं.”

ती झाकण धरून शांतपणे चालवत राहिली. आई आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लागून, कारण कोट जाड होते. मी पुढे वाकून आईकडे बघत होते. इतक्या वर्षांनी हवं ते तिच्या अगदी शेजारी येऊन बसलं होतं. तिने बाबांकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटून घेतलं. गाडी चालू होती ना!

माझा संयम म्हणजे काय, तो आधीच तोळाभर. “अगं आई, बोल ना आता!” मी ओरडले. “ते चालवत नाहीयेत!”

बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. “काय बोलायचंय?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं की घरी दुसरं कुणी नसतं तर माझं काही खरं नव्हतं. आजूबाजूला बटाटाही नव्हता. तिने दोन्ही हातमोजे मांडीवर एकावर एक ठेवले आणि समोर बघत म्हणाली, “मला तुमच्या शेजारी बसून जायचंय. बाकी काही नाही. तुम्ही चांगलं चालवता, सगळ्या जगाहून चांगलं चालवता, पण मला तुमची मान बघत जायचा कंटाळा आलाय. काही दिसलं तर मला तुम्हाला सांगायचं असतं. थांबा येईपर्यंत ते निघून गेलेलं असतं. आयुष्यभर मी तोंड मिटून प्रवास केला, अहो. आता एकदा बोलत बोलत जाऊ दे मला.”

वहिनीने नाक ओढलं. मला बाबांकडे बघायची भीती वाटत होती. वाटलं, एका दिवसात मुलाने अविश्वास दाखवला, आता बायकोने तक्रार केली. आता ते उठतील, आतल्या खोलीत जातील, आणि सहल बोंबलली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती, पण ती रागाची नव्हती. गणित चुकतंय पण कुठे चुकतंय ते सापडत नाही, तशी होती.

“पण मी तर बोलायचो,” ते म्हणाले.

“कधी?”

“चालवताना. सगळीकडे. तुझ्याशीच.”

“माझ्याशी?”

“मग काय कॅनशी? हळू बोलायचो, ओठातल्या ओठात. लोकांना ऐकू जायला नको ना, नियम होता. तू अगदी मागेच असायचीस. मला वाटायचं तुला तेवढं ऐकू येत असेल.”

“इंजिनाच्या त्या घरघरीत? मला ओ का ठो ऐकू येत नव्हतं!”

“मी समजायचो, ऐकतेस, पण उत्तर देत नाहीस. नियम पाळतेस.” बाबांचा आवाज खाली आला. “मला तुझं कौतुक वाटायचं. म्हणायचो, काय शिस्तीची बाई मिळालीये.”

आईचा चेहरा हसू की रडू असा झाला आणि तिने दोन्ही केलं. तिने बाबांच्या दंडावर हातमोज्याने चापट मारली. “अहो, काय माणूस आहात तुम्ही! काय बोलायचात?”

“काय बोलायचो म्हणजे... जे दिसायचं ते. तळ्याच्या रस्त्याला, आठवतं? मी मध्येच गाडी थांबवली होती. पाणकोंबडी पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडत होती. एक पिल्लू मागे राहिलेलं. मी तुला म्हटलं, बघ बघ, ते शेवटचं अगदी आपल्या धाकटीसारखं चाललंय, रागारागाने.”

“मी काय?” मी म्हणाले, पण माझं कोण ऐकतंय.

“तेव्हा होय!” आई ओरडली. “मला वाटलं इंजिन तापलं! मी बादली घेऊन पाणी शोधायला उतरले होते!”

“तेच तर. मी म्हटलं, एवढं सांगितलं आणि ही बघायचं सोडून बादली घेऊन कुठे चालली?”

दादा टोपीआडून हसायला लागला, मग वहिनी, मग आम्ही सगळेच. टिटवीला काही कळलं नाही, पण ती सगळ्यांत मोठ्याने हसली. आई डोळे पुसत म्हणाली, “अजून? अजून काय सांगितलंत मला?”

“खूप आहे. सगळं थोडंच लक्षात राहतं?” बाबा तिच्याकडे वळून बसले. कोट आड येत होता म्हणून त्यांनी त्याची बटणं काढली. “पूर आला होता त्या वर्षी पुलावरून जाताना म्हटलं होतं, भिऊ नकोस. ते तरी ऐकलंस का?”

“नाही,” आई म्हणाली. “पण मी भ्यायलेच नव्हते. तुम्ही होतात ना पुढे.”

बाबांनी आईचा हात हातात घेतला. आमच्यादेखत. मी त्यांना असं करताना जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून मी कपाटाकडे बघायला लागले. वहिनीही कपाटाकडेच बघत होती.

पुढे ती मुलगी झाकण धरून बसली होती, गाडी थांबवावी की न थांबवावी या पेचात. शेवटी तिने न वळता हळूच विचारलं, “काका, पुढे मोठं वळण आहे. तुम्ही घेताय, की मी घेऊ?”

बाबांनी मान वर केली नाही.

“तूच घे, पोरी,” ते म्हणाले. “आम्ही बोलतोय.”